सतरा नंबरची फळी

झालर आली सकाळच्या फेरीबोटीतून,
टेम्पोच्या टपावर, सुतळीने बांधलेल्या दहा-दहा फुटी पट्ट्या.
पांढरी. वजन म्हणाल तर काहीच नाही.
एका खांद्यावर टाकून वेशवीच्या धक्क्यावरून निघालो
तर खाडीचा वारा तिला शीड समजून ओढायला लागला.

हमीदाचाचीने गॅलरीतून विचारलं, किती वर्षं टिकेल?
श्रीवर्धनचा दुकानदार पंचवीस म्हणाला होता.
मी वीस सांगितली.
पाच का कापली, मलाच ठाऊक नाही.

जुनी झालर माझ्या बापाने कापलेली.
धाकटू मेस्त्री. फणसाच्या फळ्या, त्यांत पानं,
आणि दोन पानांच्या मध्ये बोराएवढं भोक.
भोकातून पडलेल्या चकत्या मी गोळा करायचो.
सहा वर्षांचा होतो. त्या माझ्या नाण्यांनी
मी आख्खा मासळीबाजार विकत घेत असे,
सुरमई तीन चकत्या, मांदेली फुकट.

आता पहार घालतो तशी एकेक फळी कुरकुरत सुटते.
खिळे असे गंजलेले की लाकूड कुठे संपतं कळत नाही.
कुंभारमाशीचं घर निघतं, पतंगाची शेपटी,
एक चेंडू, जो कुणाचा ते आता कोण सांगणार.
रंगाचे पोपडे चाचीच्या हातावर पडतात:
हिरवा, खाली मोरपंखी, त्याच्या खाली गुलाबी.
"हा नणंदेच्या निकाहचा," ती म्हणते,
"माझ्या वेळेला नुसतं पुसून घेतलं होतं."

ती रडत वगैरे नाही.
दर मेमध्ये ऑइलपेंटचे डबे, टर्पेंटाइनचा वास,
शिडी धरायला माणूस नाही, शिडीवर चढायला त्याहून नाही.
कासमचाचा दोन वर्षांपूर्वी चौथ्या पायरीवरून पडला
तो अजून डावा पाय ओढतो.
मुलगा दोह्याहून फोनवर दाखवत होता, ही बघ अम्मी,
पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, रंग लागत नाही.
तिला एवढंच ऐकायचं होतं.

फळ्यांच्या पाठीवर पेन्सिलीचे आकडे.
एक ते सव्वीस. बापाचा सात नेहमी लंगडा,
तोच हा. मी बोट फिरवत गेलो,
सतरावर थांबलो.
सतराखाली लिहिलं होतं: चुकली.

उलटून पाहिली.
भोक दोन पानांच्या मध्ये नव्हतं,
पानाच्या पोटात पडलं होतं.
अडतीस वर्षं रस्त्यावरून गाव गेलं, बोटीची गिऱ्हाइकं गेली,
कुणाला दिसलं नाही.

आणि मला वाटायचं
या घरासमोर आला की बाप मान खाली घालतो
ते गॅलरीत बायका बसतात म्हणून.

चार वाजेपर्यंत काम उरकलं.
बापाला दीड महिना लागला होता.
नव्या झालरीला सतरा नंबर नाही, एकही नंबर नाही,
प्रत्येक पान दुसऱ्याची थुंकी झेललेलं,
भोकं बरोबर जिथल्या तिथे.
फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात भिंतच काटकोनात नव्हती,
सांध्यात नखभर फट राहिली.
सिलिकॉन भरलं. खालून दिसत नाही.

चाचीने फळ्या न्हाणीच्या चुलीजवळ रचायला सांगितल्या.
"तुला हवी तर घे एखादी."
मी सतरा घेतली नाही.
चार नंबरची घेतली, ती कुठेच किडली नव्हती,
कोंबड्यांच्या खुराड्याला दार हवंच होतं.
संध्याकाळी चुलीतून हिरवट ज्वाळा निघाली,
अंघोळीच्या पाण्याला रंगाचा वास आला म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बोटीला निघालो.
चाची गॅलरीत उभी राहून झालर न्याहाळत होती, खुशीत दिसली.
"काय रे, बघ तरी वर," तिने हाक मारली.
बोट सुटेल, म्हणालो,
आणि धक्क्यापर्यंत
माझ्या चपला बघत गेलो.