तापीमार्गे

यंत्रांना नद्यांची नावं बऱ्हाटे सरांनी दिली.
जळगावच्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत
आठ डबे, दोन मांडण्या, एक कुरकुरणारा एसी:
तापी, वाघूर, गिरणा, बोरी,
पांझरा, अनेर, गोमाई,
आणि कोपऱ्यात सगळ्यांत जुनी, सुकी.

बाहेरून दार एकच, तापीचं.
बाकीच्या साती जणी आतल्या अंगाला,
परक्या माणसाला त्यांचा पत्ताच नाही.
म्हणून मी घरी बसून, पिंप्राळ्यात, रात्री साडेअकराला,
डोक्यावर अजून तापलेला पत्रा,
फाइलीत एकेकीचं नाव लिहिते,
नावाखाली थोडं आत सरकून आकडे,
आणि आकड्यांखाली दर वेळी तीच ओळ:
तापीमार्गे.
शाळेत नकाशावर निळ्या पेन्सिलीने काढलेलं
इथे उलटं वाहतं.
आधी तापीत उतरायचं,
मग धारेविरुद्ध गिरणेत चढायचं.

पहिल्याच खेपेला किल्ली नाकारली.
म्हणे फार उघडी ठेवलीय, कुणीही वाचील.
पारोळ्याची मावशी अशीच करवादायची,
"किल्ली अशी खुटीले टांगस का कोनी?"
सहाशेचा आकडा दिला, किल्ली मुठीत मिटली,
आणि वाघूर उघडली. गिरणा उघडली.
बोरी, पांझरा, अनेर, काही न विचारता.
गोमाईने दोनदा ताटकळत ठेवलं
(वायर सैल; उंदरांवर संशय आहे).

सुकीने मात्र अडवलं.
सगळी अक्षरं मोठी, ओरडल्यासारखी:
तू ओळखतेस ती ही नव्हे.
खरंच आहे. परवाच तिची डिस्क बदलली.
तरी सरांचा नियम, ठसा जुळवल्याशिवाय हो म्हणू नये.
खोलीत सिकंदर तडवी होता, त्याला फोन लावला.
तो पडद्यावरून वाचत गेला:
मोठा के, लहान क्यू, सात, अधिकचं चिन्ह,
मधेच जांभई, पुन्हा पहिल्यापासून.
जुळलं.
यस अख्खं लिहावं लागतं, नुसत्या वायवर भागत नाही.

राहिलं एक काम.
सर फेब्रुवारीत निवृत्त झाले, आता रावेरला असतात,
आणि प्रत्येक यंत्राच्या यादीत त्यांची किल्ली अजून होती,
लांबलचक अक्षरांच्या शेपटाला: दिगंबर, रावेर.
ती ओळ मी सात ठिकाणी पुसली.
सुकीवर पुसायला गेले तर नव्हतीच.
नवी डिस्क. तिच्या लेखी बऱ्हाटे नावाचं कुणी
कधी आलंच नव्हतं.

मग सरांची जुनी फाइल उघडली.
सुकीच्या नावावर, चौकटीच्या खुणेपुढे,
जी ओळ यंत्र न वाचता ओलांडतं, तिथे लिहिलेलं:
मे महिन्यात हट्ट करते.
आधी पंखा ऐका, मग शिव्या द्या.

जशीच्या तशी उतरवून घेतली.

"मॅडम, लाइट बंद करून निघू?"
थांब सिकंदर,
फोन जरा सुकीजवळ धर.