धर्मकाटा, रात्रपाळी

वरूडहून मोर्शीकडे निघालं की संत्रा मंडीच्या अलीकडे
साठ टनांचा धर्मकाटा लागतो. रात्रपाळी माझी.
भरली गाडी चढते, लाल आकडा उठतो,
मी पावती फाडतो.
दोन गाड्यांच्या मधे जे रिकामं उरतं
त्यात मी पोकर खेळतो, मोबाइलवर,
आवाज बंद करून.

अकरा महिन्यांचा हिशेब वहीत आहे.
जमा अठरा हजार सहाशे.
बाराव्या महिन्याचं पान अजून उलटलेलं नाही.

रोनित सर गोव्याहून बोलतात.
एकट्याला शिकवतात, आठ तास, पंचेचाळीस हजार.
फी समजू नका, म्हणाले, गुंतवणूक समजा.
खताचा एजंटही हेच म्हणतो,
पण तो निदान चहा पाजतो.

पहिली वीस मिनिटं फुकट होती.
त्यांनी माझा एकच डाव उघडला.
हातात नव्वांची जोडी, टेबलावर राजा,
आणि मी चार हजार पुढे सरकवलेले.
"का?"
म्हटलं, वाटलं.
तिकडून कोणी बोलेना.
मागे समुद्र होता की पंखा, तेवढा ऐकू येत राहिला.
खरं सांगतो, त्या गप्प बसण्याचे
हजार रुपये तरी मी दिले असते.

माझ्या गतीनं पंचेचाळीस हजार म्हणजे सव्वादोन वर्षं.
आणि ती गती माझी की पत्त्यांची,
हे सांगायलाच तर सर पाहिजेत.

उकंडरावांना विचारलं.
पोळ्याच्या करीला निंबाखाली पट पडतो
त्यात चाळीस वर्षं बसलेला माणूस,
हातातलं घड्याळ एकदाही न उतरवलेला.
"त्याले खेळता येते न, त मंग शिकवते काहून?"
म्हटलं, तुम्हीही मला शिकवलंच की. फुकट.
"म्हणूनच त तू असा खेळतं."

प्रणितानं मशीनवरचा पाय थांबवला नाही.
तिनं अमरावतीला ब्लाऊजचा क्लास केला होता, सहा हजार.
चाळिसाव्या ब्लाऊजला वसूल झाले, तारीख पाठ आहे तिला.
"फी भरायच्या आधी म्या त्या बाईच्याच ब्लाऊजची
खांद्याची शिलाई उलटून पाह्यली होती.
तुमच्या सरले म्हणा, शिलाई दाखवा."

म्हटलं तसं. सरांनी फोटो पाठवला.
हिरवी रेघ, वर वर चढत गेलेली,
डावीकडून कापलेली.
कापल्या बाजूला काय होतं, ते मी विचारलं नाही.
माझंही एक पान होतं.

तीनच्या सुमारास संत्र्याचा आयशर आला.
ड्रायव्हर उतरून काट्याभोवती फिरला,
वाकून खालीही पाहिलं.
"भाऊ, काटा बराबर हाय ना?"
मी भिंतीकडे बोट केलं. शिक्का आहे, तारीख आहे.
वर्षातून एकदा सरकारी माणूस वजनं घेऊन येतो
आणि काटाच तोलून जातो.
ड्रायव्हरला तेवढं पुरलं. त्यानं तंबाखू पुढे केली.

गाडी गेली तरी वीस किलो दिसत राहिले.
म्हटलं कुत्रं असेल. टॉर्च मारला.
कुत्रं नव्हतं.
शून्याचं बटन दाबलं
आणि तशाच हातानं बारावं पान उलटलं.

नव्वांची जोडी एकटी नव्हती तिथं.

सरांना लिहिलं:
आठ तास नको. एकच द्या, त्याचे किती ते सांगा.
नवीन काही शिकवू नका.
माझी वही घ्या, आणि मी कुठं कुठं नुसतं 'वाटलं' म्हणून खेळलो
तिथं पेन्सिलनं खूण करा.

दोन टिका निळ्या झाल्या. उत्तर नाही.
बाहेर दुसरी गाडी चढत होती,
आकडा अजून ठरत नव्हता,
नऊ हजार ऐंशी, नऊ हजार वीस,
नऊ हजार चाळीस