पस्तीवाल्याचा काटा

झोपाळा काल गेला.
हंसाबेनच्या मेव्हण्याकडे, निझामपुऱ्यात की फतेहगंजात,
मी नीट विचारलंही नाही.
छताला कड्या तेवढ्या राहिल्या.
त्यातल्या एकीला रमणीकभाईंनी आज
पस्तीचा काटा अडकवला
नि म्हणाले, लावो बेन, पेली बॅग.

आम्ही रद्दीला पस्तीच म्हणतो.
पुण्याची नणंद दर वेळी हसते,
'तुमचं बडोद्याचं मराठी म्हणजे...' म्हणते
आणि वाक्य तसंच लोंबतं ठेवते.

चोवीस किलो सहाशे.
पोळपाट काढला. तेवीसच्या आत.
पोळपाट परत ठेवला,
माझ्या दोन साड्या आणि इस्त्री काढली.
पोळपाटावाचून तिथे पोळी लाटता येणार नाही
असं काही नाही, पण.

सुहृद चार महिन्यांपूर्वीच गेलाय,
दुधाची पावडर करतात तिथे, जगाच्या पार खालच्या टोकाला.
फोनवर सांगतो, इथे सूर्य उत्तरेकडून जातो,
कपडे त्या बाजूला वाळत घालायचे.
सांगतो, विमानतळावर बूट उलटे करून बघतात,
माती चालत नाही.

म्हणून सकाळी न्हाणीत बसले
शाल्मलीचे, अद्वयचे बूट घेऊन.
जुना टूथब्रश, मग टाचणी.
खाचांतून निघत गेली कमाटीबाग,
छोट्या आगगाडीच्या रांगेतली धूळ,
विश्वामित्रीच्या पुलाजवळचा तो काळा चिखल,
जिथे दर रविवारी मगर दिसायचीच
किंवा मगरीसारखा ओंडका.
सगळं मोरीतून गेलं.
तळवे असे स्वच्छ, जणू
पोरं कधी कुठे चाललीच नव्हती.

व्हिसाच्या बाईने फोनवर विचारलं होतं,
'मिस्टर अँड मिसेस पेज?'
मी हो म्हटलं.
आम्ही पागे. कुणाची तरी पागा सांभाळायला
घाट उतरून आलेलो,
घोडे गेले, मालक गेले, आडनाव राहिलं.
त्या वेळी मुलं कशात बसवून आणली असतील?
खोगिराला दोन्हीकडे टोपल्या बांधून?
वाटेत कुणी आजारी पडलं असेल,
कुणी विचारलं असेल, घर कधी येणार?
बखरीत असलं काही नसतं.
आता आम्ही पेज. पान.

रमणीकभाई वह्या मोजायला लागले.
अकरा किलो. चौदाच्या भावाने.
एक वही त्यांनी बाजूला काढली, उघडली,
शाल्मलीचा गुजराती कक्को,
क कमळनो क, आणि कमळाला पाय काढलेले.
ती त्यांनी काट्यात टाकली नाही.
मलाही दिली नाही.
खिशात दुमडून घातली.

शाल्मली म्हणाली, आई, तिथे मगर आहे?
नाही.
पूर येतो?
माहीत नाही.
मग घरात कोण येतं?

मला उत्तर सुचेना तेवढ्यात
अद्वय काट्याला लोंबकळला.
रमणीकभाईंनी जुन्या चादरीची झोळी केली,
दोघांना आत बसवलं, आकडीला लावलं.
कडी कुरकुरली,
तोच आवाज, दुपारचा, झोपाळ्याचा.
'आ बे तो ओवरवेट छे, बेन,
अहीं ज मूकी जाव.'
ते हसले. मीही हसले असेन.

हलू नका रे, म्हटलं, किती ते कळू दे.
पण ती पायांनी हवा ढकलत होती,
झोका मोठा मोठा होत होता,
आणि काट्यावरचे लाल आकडे,
एकतीस, अठ्ठावीस, चौतीस, एकोणतीस,
ठरतच नव्हते.