अर्धं सूत

फर्गस फॉल्सच्या पुढे, डांबर संपून खडी लागते
तिथे आर्डिस क्वामेचं गॅरेज.
ऑक्टोबर सरत आलेला, बोटींवर ताडपत्र्या चढलेल्या.
टेबल-सॉवर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर सहाशे डॉलर,
शून्यं जरा थरथरलेली.

मी गुण्या घेऊन गेलो होतो, सरळ पट्टी, टॉर्च,
आणि खिशात पाच सेंटचं एक नाणं.
बैल घेताना दात बघावेत तसं
आधी पातं बघितलं. बोथट.
त्याचं काही नाही, पातं म्हणजे नखं,
खरं दुखणं आत असतं.

ओतीव लोखंडाचा माथा. तळहात फिरवला.
एका कोपऱ्यात गंजाचं वर्तुळ, कॉफीच्या मगाएवढं.
पट्टी आडवी धरून मागून टॉर्च मारला:
मध्यावर केसभर उजेड.
केसभर चालतो.

बेल्ट उतरवून आस हाताने फिरवला.
डावीकडच्या बेअरिंगमध्ये काहीतरी खरखरलं,
घसा बसलेल्या माणसाने हो म्हणावं तसं.
मनातल्या मनात चाळीस वजा केले.
उंचीचं चाक निम्म्यात अडलं;
दातऱ्यांत अक्रोडाचा भुसा, काळा,
टूथब्रशने तो निघतो, म्हणून त्याचे काही वजा केले नाहीत.
(केले. पाच.)

मग स्विच. गॅरेजातला दिवा क्षणभर मंदावला.
गरगरणाऱ्या यंत्राच्या माथ्यावर
नाणं कडेवर उभं केलं.
उभं राहिलं.
मी चेहरा कोरा ठेवला.
घेणाऱ्याला एवढं तरी यायला हवं.

शेवटी गाइड. बारावर लावून फळी कापली, मोजली:
बारा, आणि वर अर्धं सूत.
पुन्हा कापली. पुन्हा अर्धं सूत.
सापडलं, म्हटलं.
"तुमची गाइड खोटं बोलते, मिसेस क्वामे.
पन्नास तरी उतरवा."

तिने थर्मासचं झाकण लावलं
आणि मला बूट काढायला सांगून स्वयंपाकघरात नेलं.
एक खण लोटला. शेवटच्या बोटभर अंतरात
तो आपणहून हळू झाला, आतली हवा उसासली, मिटला.
दुसरा खण. तिसरा. वरची कपाटं,
खिडकीखालचा बाक, पावाची पेटी.
"एकतीस वर्षं ऑर्व्हिलने त्याच बारावर कापलं," ती म्हणाली.
"सगळंच अर्धं सूत मोठं. म्हणून तर बसतंय."

फ्रिजशेजारी एक कपाट तेवढं वेगळं होतं,
दुकानातून आणलेलं, पांढरं,
फटीत पुठ्ठ्याची घडी खोचलेली.
"ते बरोबर आहे," ती म्हणाली.
"त्याचं इथे कुणाशी सूत जुळलं नाही."

परत गॅरेजात येईपर्यंत मी गप्प.
"बेअरिंगचे चाळीस सोडते," तीच म्हणाली,
"ते मलाही ऐकू यायचं, रात्री, अंथरुणात.
गाइडचे नाही सोडणार."
मी पाचशे साठ मोजले.
पाच डॉलरचा भुसा माझ्याकडेच राहिला.
तिचा पुतण्या ड्वेन आला, आम्ही दोघांनी धापा टाकत
यंत्र ट्रेलरवर चढवलं. चिकटपट्टी तिने सोलून घेतली,
गोळी करून एप्रनच्या खिशात टाकली.

घरी आल्यावर पहिल्यांदा मोजपट्टी सारखी केली.
दोन स्क्रू, दहा मिनिटं.
बारा म्हणजे बारा.
माझी गिऱ्हाइकं पुठ्ठे खोचत नाहीत,
आणि हळवेपणावर कपाट उभं राहत नाही.
नवं बेअरिंग अठ्ठावीसला पडलं; म्हणजे बारा मी जिंकलो,
हे कुणाला सांगितलं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आधी तिचा फोन.
सिंकखालची फळी कुजली होती.
"बावीस इंच हवी. कापून देशील?"
मी पेन्सिल कानामागून काढली.
"कुठले इंच?"

तिकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली,
"आमचे."