फुंकर

क्लाक्सविकच्या धक्क्यावर माझं दुकान.
तुम्मास आलाय नातीला घेऊन,
उद्या तिची पहिली बोट.

मी तीन जाकिटं काउंटरवर टाकते.
तो लेबलं वाचत नाही.
बाही तोंडाशी धरून फुंकर मारतो,
पलीकडे तळहात.
"श्वास जातोय यातून,
वारा काय दारात थांबणार आहे?"
दुसरं कडक,
चोळलं की पत्र्यासारखं वाजतं.
"यात घाम कुठून बाहेर पडायचा?
भिजायचं तर वरून भिजावं.
आतून भिजला तो गारठला."

तिसऱ्यावर तो काहीच बोलत नाही,
म्हणजे ते पसंत.
रानवाला निळं हवंय.
"लाल घे," म्हणतो, "लांबून दिसतं."
आणि उगाचच चेन वरखाली करत राहतो.

सुती गंजीफ्रॉक मी न विचारताच मागे सारते.
लोकरीचा आतला सदरा, अंगाबरोबर.
ती गळ्यात बोट घालते : टोचतंय.
"टोचू दे. टोचतंय तोवर
अंग जागं आहे."
जाकीट मात्र एक माप मोठं,
खाली आजीचा स्वेटर मावायला हवा.

सकाळपासून ऊन झालं, धुकं झालं,
आता गारा.
अकराच वाजलेत.
तो डोक्यावर टोपीसुद्धा न घालता निघतो,
ती मागून, नव्या लाल रंगात
जरा अवघडून.

नाकारलेल्यांच्या घड्या घालताना
एका बाहीचं टोक हाताला लागतं.
अजून कोमट आहे,
किंचित ओलं.