काळी पाच

मुरारच्या देवळात मराठी उपासना आठला.
दहाला हिंदी मंडळी येते, म्हणून
पाळकसाहेब घड्याळाकडे बघत उपदेश आटोपतात
आणि गीताची कडवी दोनच घेतात,
पहिलं आणि शेवटचं.

पायपेटी बापूंच्याही आधीची.
तिची काळी पाच मुकी झाली
त्या नाताळात मी नववीत होते.
बापू म्हणाले, उंदीर असेल.
मग म्हणाले, बघू ईस्टरनंतर.
ईस्टर सव्वीस आले.
त्यातले अकरा बापूंशिवाय.

मंडळीला सवय झाली.
एकशे बाराव्या गीताची तिसरी ओळ
नेमकी त्या पट्टीवर जाऊन उभी राहते, चार मात्रा.
तिथं पेटी हात काढून घ्यायची
आणि वीस-बावीस माणसं उघड्यावर, आधाराशिवाय
तो सूर आपापल्या गळ्यानं धरून ठेवायची.

वाजवणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसावं लागतं.
कोण आलं, कोण नाही, दिसत नाही.
त्या चार मात्रांत मी हजेरी घ्यायचे:
सुवार्ताबाई अमोलिक, कापऱ्या, केसभर वर.
हनोखकाका रणभिसे, कायम उशिरा,
दुसरे सोडू लागले की हे धरणार.
त्यांचा नातू, ज्याचा घसा या वर्षी
दर रविवारी वेगळ्याच माणसाचा असतो.
आणि आई,
सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी.

यंदा सुवार्ताबाईंच्या मुलानं पैसे पाठवले.
जिन्सी नाल्याकडून नन्हे मिस्त्री आले,
चपला काढू का, विचारत दारातच थांबले.
पेटीचं पोट उघडलं, फुंकर मारली,
चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं.
"चूहा-वूहा कुछ नहीं, बहनजी.
ये तो किसी ने रखा है."

पितळी जिभेखाली सरकवलेला
अर्पणाच्या हिशेबाचा चतकोर,
चार घड्या, कडा सारख्या.
आत एक सात, मधोमध आडवी रेघ मारलेला.
असा सात आमच्या घरात एकच माणूस काढायचा.

मी कागद गीतपुस्तकात ठेवला,
आईला सांगितलं नाही.

रविवारी एकशे बारा.
तिसऱ्या ओळीला काळी पाच बोलली,
गुळगुळीत, भरदार, सव्वीस वर्षांची झोप झालेली.
मंडळी गात होती. असावी.
मी मागे कान लावला.
सुवार्ताबाई नाहीत, हनोखकाका नाहीत,
आई नाही.
बाहेर येऊन सगळे म्हणाले, आज पेटी काय वाजली!

पुढचे दोन रविवारही असेच, छान.

तिसऱ्या शनिवारी फुलं ठेवायला म्हणून गेले.
किल्ली माझ्याकडेच असते.
नन्हे मिस्त्रींनी स्क्रू सैल ठेवले होते,
विसरून की कसे, मी विचारलं नाही.
कागदाला त्याच्या घड्या पाठ होत्या.

सकाळी तिसरी ओळ आली.
बोट पट्टीवर, पेटी गप्प,
नुसता भात्याचा श्वास.
कुणीच तयार नव्हतं.
एक मात्रा पार रिकामी गेली, वर पारवे हलले.
मग दोन बाकं मागून दोरा आला,
त्याला धरून सुवार्ताबाई,
आणि ओळ संपल्यावर हनोखकाका.

आशीर्वचनानंतर पाळकसाहेब जवळ आले.
पुन्हा बिघडली का हो?

उंदीर असेल, म्हटलं.
बघू, ईस्टरनंतर.