पाच सूट

एकाच माणसाचे आम्ही पाच सूट शिवले,
राखाडी, बारीक रेघेचे,
हन्स्लेटमधल्या शेडमध्ये, सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात,
शेगडीपाशी बोटं शेकत.

पहिला जरा आखूड, गिरणीतल्या कारकुनाचा,
उधारीवर घेतलेला वाटावा असा.
दुसरा नेमका बसणारा: हॅरोगेटच्या बंगल्यात
मालकाच्या मुलीमागून जिना चढतानाचा.
तिसरा नुसता चुरगळायला. मॉरीनच्या खोलीत
तो अख्खा प्रसंग जमिनीवर पडून राहणार होता
आणि कॅमेरा त्याच्याकडेच बघत बसणार होता,
पलंगाकडे नाही.
चौथा कालव्यासाठी.
पाचवा नंतरचा. वाळलेला, इस्त्रीचा, निर्दोष.

मापं मी घेतली. नट बार्न्सलीचा, खाणकामगाराचा पोरगा,
दोन वर्षांत जिभेवरून गाव पुसून आलेला.
टेप मानेमागून छातीवर आणताना
माझा हात हवा त्याहून अंमळ हळू फिरला.
त्याला कळलं. मला कळलं.
अडतीस होती, मी वहीत एकोणचाळीस लिहिलं.
मापात पाप नको, वडील म्हणायचे.
इचलकरंजीत ते ठीक होतं.

गोष्ट अशी: त्याला मुलगी हवी, मुलीमागची गिरणी हवी,
गिरणीमागचं ते जेवणाचं टेबल, जिथे
कोणता काटा आधी उचलायचा
हे कोणी कोणाला विचारत नाही.
आणि मॉरीनही हवी, इस्त्रीच्या वाफेचा वास येणारी,
जिच्या कुशीत त्याची जुनी बोली परत येते.
ती म्हणते, मला दिवस गेलेत.
तो म्हणतो, कालव्यावर भेट.

बुडताना ती कोट धरते, बटण तिच्या मुठीत राहतं.
ते नेमक्या ओढीला तुटायला हवं होतं,
आधी नाही, नंतर नाही.
युक्ती डोरीनची. चाळीस वर्षं कोट शिवलेली बाई.
धागा ब्लीचमध्ये बुडवला, मनात शंभर मोजले,
शेगडीवर वाळवला, म्हणाली,
आता हा दिसेल धडधाकट, पण आतून गेलेला.

दिग्दर्शकानं विचारलं, डोकं कोणाचं?
डोरीन चहा आणायला गेली होती.
मी म्हणाले, माझं.

एवढंच. ढकललं नाही कोणाला.
लंडनहून पत्र आलं, पगार दुप्पट.
मार्चमध्ये शेड बंद पडली. डोरीन
ड्रायक्लीनरकडे पँटींच्या चेन बदलते असं कोणी सांगितलं,
मी ऐकून घेतलं.

सिनेमा लीड्सला लागला तेव्हा मुद्दाम आले, नवा कोट घालून.
बटण तुटलं. थिएटरभर श्वास अडकला.
मला दिसत होता फक्त त्याच्या छातीपाशी
सुटलेला एक इंच.
शेवटी इन्स्पेक्टर वाकून पाचवा सूट बघतो:
सगळ्या बटणांना समांतर टाके, एकाला फुलीचे.
मारेकऱ्यानं रात्री स्वतः शिवलेलं, घाईत.
ते मी डाव्या हातानं शिवलं होतं.
दिग्दर्शक म्हणाला होता, अगदी खरं वाटतं.

श्रेयनामावलीत माझं नाव आलं, एक अक्षर चुकून.
डोरीनचं शोधायला मी थांबले नाही,
पण बाहेर, पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी, डोरीनच.
तिकीट अजून हातात, डोक्याला स्कार्फ.
सिनेमाबद्दल काही बोलली नाही.
माझ्या कोटाचं दुसरं बटण चिमटीत धरून म्हणाली,
सैल झालंय गं हे.
आणि कॉलरच्या आतून सुई काढली,
दोरा ओवलेली.

लोक आमच्या बाजूनं पावसात निघून जात होते.
तिनं वाकून दोरा दातानं तोडेपर्यंत
मी हनुवटी वर करून उभी राहिले,
माप द्यायला उभं राहतात तशी.